गाईची डावी कूस

गाय आजारी पडली हे आपल्याला केव्हा कळते? बहुतेक घरी संध्याकाळी धार काढताना. रोजची चरवी भरत नाही, तेव्हा बाई गाईच्या पाठीवर थाप मारून म्हणते, "आज पान्हा चोरलास व्हय गं?" आणि उठते. दुसऱ्या दिवशी सकाळी गाय वैरणीला तोंड लावीत नाही, मग घरात धावाधाव सुरू होते. पोटाच्या दुखण्यात दूध ही फार उशिरा पोहोचणारी बातमी आहे. त्याआधी गाईने रवंथ थांबवून सांगितलेले असते, डाव्या कुशीने सांगितलेले असते, शेणाने सांगितलेले असते. घरात कुणा एकाला तरी हे ओळखता आले, तर पोटाच्या दुखण्यात गाय हातची जाण्याचे प्रसंग पुष्कळ कमी होतील, असे मला वाटते.

आम्ही भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या काठचे. आमचा अकोले तालुका म्हणजे डांगी जनावरांचा मुलूख. राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते, ते पाहायला लांबून लोक येतात. डांगी गाय दूध बेताचे देते, पण चार महिने कोसळणाऱ्या पावसात आणि चिखलात ती टिकून राहते. तिच्या कातडीला एक प्रकारचा तेलकटपणा असतो, त्यावरून पाणी निथळून जाते. डोंगरावर चरायचे, भाताचा पेंढा आणि नागलीचे काड खायचे, घरी आल्यावर मिळाली तर मूठभर खुरासणीची पेंड, असे तिचे जेवण. आमचे सासरे सांगत, की त्यांच्या तरुणपणी वाडीत गाईला अपचन झाल्याचे फारसे कुणी ऐकले नव्हते. पावसाळ्याच्या तोंडी कोवळा चारा खाऊन एखादीचे पोट फुगे, तेवढेच.

पुढे दुधाच्या गाड्या वरपर्यंत येऊ लागल्या आणि दावणीला जर्सीच्या, होल्स्टिनच्या संकरित गाई आल्या. दहा-बारा लिटर दूध देणाऱ्या गाईचे नुसत्या पेंढ्यावर भागत नाही. तिला सरकी पेंड लागते, मक्याचा भरडा लागतो, गोळी पेंड लागते. घरात आठवड्याचा पैसा येऊ लागला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण पैशाबरोबर पोटाची दुखणीही आली, आणि गाईकडे पाहायची आपली रीत मात्र डांगीच्या काळातलीच राहिली.

गाईचे पोट आपल्या पोटासारखे एका पिशवीचे नसते, त्याचे चार कप्पे असतात. पहिले कोठीपोट. मोठ्या गाईच्या कोठीपोटात शंभर ते दोनशे लिटर ऐवज मावतो, आणि पोटाची डावी बाजू जवळजवळ सबंध त्यानेच व्यापलेली असते. त्याला लागून पुढच्या अंगाला जाळीपोट, मग पडदेपोट, आणि शेवटी खरे पोट. कोठीपोटात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव राहतात. पेंढा खरे म्हणजे गाय पचवीत नाही, हे जीव तो आंबवतात आणि त्यातून निघणाऱ्या आम्लावर गाय जगते व दूध देते. आंबवण तिथे चोवीस तास चालू असते म्हणून वायूही सारखा तयार होतो, आणि गाय ढेकर देऊन तो बाहेर टाकते.

आता आम्ल जास्त झाले तर? त्याची सोयही गाईच्या अंगातच आहे. गाय दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते. एकेक घास वर आणून चाळीस-पन्नास वेळा चावते, आणि तेवढा वेळ तिच्या तोंडातून लाळ पोटात जात राहते. मोठ्या गाईला दिवसाला शंभर लिटरांच्या वर लाळ सुटते, आणि त्या लाळेत खाण्याच्या सोड्याचाच अंश असतो. म्हणजे रवंथ करणारी गाय आपल्या पोटातला आंबटपणा आपणच मारीत असते. पेंढा, कडबा, वाळले गवत खाल्ले की रवंथ भरपूर होतो. पीठ, भात, भरडा खाल्ला तर चावायला काही नसते, रवंथ कमी, लाळ कमी, आणि आम्ल मात्र झपाट्याने तयार होते. गाईच्या अपचनाची निम्मी गोष्ट एवढ्यातच आली.

आमच्या सासऱ्यांना हे शास्त्र कुणी शिकवलेले नव्हते. पण दुपारी गुरे बसली की ते गोठ्यातून एक फेरी मारीत, आणि मला म्हणत, "सूनबाई, गाईच्या मागून जाऊ नको, पुढून जा. तोंड बघ तिचं." निवांत बसलेल्या गुरांपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करीत असली पाहिजेत. एखादी नुसतीच मान टाकून बसली असेल, कानाची टोके गार लागत असतील, नाकपुडीवर दव नसेल, तर संध्याकाळपर्यंत तिच्यावर नजर ठेवायची. त्यांची दुसरी सवय अशी, की गाईच्या डाव्या अंगाला उभे राहून, शेवटच्या बरगडीच्या मागे जो खळगा असतो त्यात मूठ दाबून धरायची आणि वाट पाहायची. निरोगी गाईचे कोठीपोट घुसळत असते, मुठीला आतून लाट आल्यासारखी लागते. दोन मिनिटांत अशा दोन-तीन लाटा आल्या की पोट चालू आहे. मला सुरुवातीला हे जमेना, कारण धीर धरून दोन मिनिटे उभे राहायचे आपल्याला माहीतच नसते. बायाबापड्यांनी हे रोज धारेच्या वेळी करून पाहावे. निरोगी गाईच्या पोटाची हाताला ओळख असली, तरच बिघडलेले पोट हाताला कळते.

शेणाबद्दल वेगळे काय सांगावे, आपला जन्म त्यातच जातो. चांगल्या शेणाचा पो पडतो, तो पसरतो पण वाहत नाही. पातळ, करडे-पिवळे, आंबूस वासाचे शेण पडले आणि त्यात दाणे तसेच दिसले, तर पेंड-भरडा जास्त होतो आहे. गोट्यांसारखे कोरडे, चिकट शेण पडले तर पाणी कमी पडते आहे, किंवा ताप आहे, किंवा पोट जाम होत चालले आहे. ताप पाहायला गोठ्यात एक थर्मामीटर ठेवावा असे माझे मत आहे. गाईचे अंग माणसापेक्षा गरमच असते. साधारण १०१ ते १०२ अंशांपर्यंत तिला ताप समजू नये.

आमच्या वाडीत काही वर्षांपूर्वी वैशाखात एक लग्न झाले. जेवणे आटोपल्यावर मसालेभात, पुऱ्या आणि बुंदी बरीच उरली. अन्न टाकायचे नाही, हा आपल्या घरांतला संस्कार. माझ्या चुलत जावेने मोठ्या मायेने दोन घमेली भरून आपल्या जर्सी गाईपुढे ठेवली. "एवढं दूध देती, तिला बी लगीन कळू द्या की!" सगळे हसले. गाईने घमेली चाटून-पुसून साफ केली.

सकाळी गाय उठली खरी, पण रवंथ नाही. धार निम्मी. सासऱ्यांनी डाव्या खळग्यात बोटे दाबली तर मळलेल्या कणकेत रुतावी तशी रुतली, आणि खळगा तसाच दबून राहिला. लाट नाही. दुपारी शेण पातळ झाले, त्याला आंबट वास, आत भाताची शिते. डोळे आत ओढले गेले. पाण्याकडे नेताना गाय दारू प्याल्यासारखी झोकांड्या खाऊ लागली. तेवढ्यात जमलेल्या मंडळींनी नेहमीप्रमाणे औषधे सांगायला सुरुवात केली. कुणी ओवा-गूळ, कुणी ताक, कुणी एरंडेल. ताक हे आधीच आंबट, आणि गूळ म्हणजे आंबवणाला आणखी खाद्य. सासरे कुणाशी वाद घालीत बसले नाहीत. त्यांनी गाईपुढची पेंड उचलली, पेंढा टाकला आणि पोराला डॉक्टरांकडे पिटाळले.

डॉक्टरसाहेब आले ते तिसऱ्या प्रहरी. त्यांनी नळीने पोटात सोड्याचे पाणी सोडले, शिरेतून सलाईन लावले, इंजेक्शने दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी केले ते मी आधी कधी पाहिले नव्हते. आमच्या डांगी गाईच्या कोठीपोटात नळी घालून त्यांनी थोडे पाणी काढले, फडक्यातून गाळले आणि कोमट आहे तोवर आजारी गाईला पाजले. आम्ही बायका पदर नाकाला लावून उभ्या. डॉक्टर म्हणाले, "हिच्या पोटातलं विरजण मेलंय. तुमच्या डांगीचं विरजण लावतोय." ते आम्हाला लगेच समजले, कारण विरजण मेले की नवे आणायला शेजारी आपणच जातो. युरोपातले शेतकरीही जुन्या काळी निरोगी गाईच्या तोंडातला रवंथाचा घास काढून आजारी गाईला चारीत असत, हे मला मागाहून वाचायला मिळाले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाईने रवंथ सुरू केला. गाय वाचली, पण अकरा लिटरांवर होती ती त्या वेतात सातच्या वर चढली नाही. महिना-दोन महिन्यांनी ती लंगडू लागली. पोटातल्या आंबटपणाचा परिणाम खुरांवर होतो, आतला भाग सुजतो आणि खूर वेडेवाकडे वाढतात. लग्नाचे जेवण पायाला बाधले, हे वाडीत कुणाला खरे वाटेना.

ही आमच्या एका गाईची गोष्ट झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावर पंचमहाभूत लोकोत्सव भरला होता. त्या दिवसांत मठाच्या गोशाळेतल्या पन्नासहून जास्त गाई दगावल्या. उरलेले शिळे अन्न, त्यात चपात्या पुष्कळ, गाईंच्या खाण्यात आल्याने हे झाले, असे त्या वेळी वर्तमानपत्रांत छापून आले होते. गाईंची सेवा जिथे होते तिथे हे घडले, म्हणून मला ते जास्त लागले. गाईला कुणी वैराने भात-पोळी घालीत नाही. पण माणसाचे शिजवलेले अन्न घमेलेभर एकदम पोटात गेले, तर घालणाऱ्याचा हेतू पाहून पोट काही वेगळे वागत नाही. सणाला नैवेद्याची एक पुरणपोळी गाईला दिली म्हणून काही होत नाही, ती जरूर द्यावी. मी घमेल्यांबद्दल बोलते आहे.

आणि आता भंडारदऱ्याला ही घमेली रोजची झाली आहेत. मेअखेरीपासून पाऊस लागेपर्यंत काजवे पाहायला माणसांची झुंबड उडते. जलाशयाच्या काठाने तंबू लागतात. आमच्याच पोरांनी ते लावले आहेत, त्यांच्या हाताला काम मिळाले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार सकाळची आहे. पाहुणे गेले की भाताची पातेली, पावांचे तुकडे आणि बटाट्याची भाजी तंबूमागच्या खळग्यात ओतली जाते, त्याच ढिगात पत्रावळ्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या. उन्हाळ्याचा शेवट, डोंगर करपलेला, गुरे उपाशी. ती वासावर तिथे जाणारच. एका तंबूवाल्याला मी हे सांगायला गेले तर तो म्हणाला, "मावशी, गाईच्या मुखात जातंय ते पुण्यच हाय की." मी म्हटले, "बाबा, पुण्य तुझ्या नावावर आणि डॉक्टरचं बिल माझ्या नावावर." तो हसला. पुढच्या वर्षी मात्र त्याने खड्डा खणून त्यावर फळ्या टाकल्या, हेही सांगायला हवे.

राज्यात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. पण गाईच्या पोटात आधीच गेलेल्या पिशवीला बंदी लागू होत नाही. गाय चारा न चावता गिळते, मागाहून रवंथात चावते. मीठ-मसाल्याच्या वासाची पिशवी ती तशीच गिळते, आणि ती पिशवी पुढे सरकत नाही, रवंथात परतही येत नाही. वर्षानुवर्षे तिथे राहते, दुसऱ्या पिशव्यांशी गुंता होतो, कोठीत चाऱ्याला जागा उरत नाही. अशा गाईचे दुखणे नीट धरता येत नाही. खाते, मग सोडते. थोडी फुगते, आपोआप उतरते. दिवसेंदिवस हाडे वर येतात. पाचकाच्या पुड्यांनी याला काही होत नाही. पोट उघडून पिशव्या काढणे एवढाच उपाय असतो.

तारेचे, खिळ्याचेही असेच. ते जाळीपोटात जाऊन पडतात, आणि जाळीपोटाच्या पलीकडे एका पडद्याआड काळीज असते. आमच्या डोंगरात हे ओळखायची एक चांगली खूण आहे. पोटात तार असलेली गाय चढ चढते, पण उतारावर पाऊल टाकायला कचरते, कारण उतरताना पोटाचा भार पुढे येतो आणि तार टोचते. पाठीला बाक काढते, कोपरे बाहेर फाकवून उभी राहते, बसता-उठताना कण्हते. दूध एका दिवसात खाली येते. अशा वेळी डॉक्टर गाईला लोहचुंबक गिळवतात. ते जाळीपोटात राहते आणि तार धरून ठेवते. घर बांधून झाल्यावर सळयांना बांधायच्या तारेचे तुकडे अंगणात विखुरलेले असतात, ते पोरांना वेचायला लावावेत. भाऱ्याची तार कापून गव्हाणीत टाकणाऱ्या गड्याला मात्र चार शब्द ऐकवलेच पाहिजेत.

पोटफुगी हे वेगळे प्रकरण. त्यात विचार करायला वेळ नसतो. माझे माहेर प्रवरेच्याच काठी, पण खाली, संगमनेरच्या बाजूला. तिकडे पाटाचे पाणी, ऊस, लसूणघास. एकदा दिवाळीला मी माहेरी असताना भावाने पहाटे दवात भिजलेला कोवळा लसूणघास कापून आणला आणि उपाशी गाईपुढे टाकला. तासाभरात वहिनी ओरडत आली, "वन्सं, गायीचं पोट बघा हो!" डावा खळगा भरून पाठीच्या वर आला होता. टिचकी मारली तर ढोलासारखा आवाज. गाय बसे, उठे, मागच्या पायाने पोटावर लाथा मारी, जीभ बाहेर काढून तोंडाने श्वास घेई.

द्विदल कोवळ्या चाऱ्याने जी फुगी येते, तिच्यात वायूचा फेस होतो. साबणाच्या फेसासारखा तो ढेकरातून सुटत नाही. फुगलेले कोठीपोट फुप्फुसांवर दाब आणते आणि गाय गुदमरते. कधी कधी एक-दोन तासांतच सारे संपते. भावाने डॉक्टरांना फोन लावला, आणि ते येईपर्यंत सांगितल्याप्रमाणे केले. गाईला चढाकडे तोंड करून उभे केले, म्हणजे पुढचे पाय उंचावर. तोंडात लगामासारखी कडूनिंबाची जाड काठी आडवी धरून दोरीने शिंगांमागे बांधली. काठी चघळताना गाय जबडा हलवते, लाळ सुटते, ढेकराला वाट होते. मग अर्धा लिटर गोडे तेल हळूहळू पाजले. तेलाने फेस मोडतो. अर्ध्या तासाने पहिला ढेकर आला, त्याचा वास सबंध खळ्यात पसरला, आणि वहिनी रडता रडता हसली. डॉक्टर पोहोचले तेव्हा गाय उतरणीला लागली होती.

न्यूझीलंड हा दुधाचा देश. तिथल्या गाई क्लोव्हर नावाच्या द्विदल चाऱ्याच्या कुरणांवर चरतात, आणि तिथेही ही फुगी ठरलेली. त्या हंगामात तिथले शेतकरी फेस मोडणारे औषध गाईंना आधीच रोज पाजतात. आपल्याला एवढे करायची गरज नाही. लसूणघास कापून काही वेळ सुकू द्यावा, आधी पेंढा किंवा कडबा खाऊ घालावा, आणि उपाशी गाय कोवळ्या हिरव्यावर सोडू नये. आमच्याकडे पहिल्या पावसानंतर बांधांवर कोवळे गवत येते, तेव्हाही सकाळी दोन पेंढ्या खाऊ घालूनच गुरे सोडावीत. कुशीत सुरी किंवा विळा खुपसून वायू काढल्याच्या गोष्टी आपण ऐकतो. डॉक्टरांकडे त्यासाठी नळीचे खास हत्यार असते, आणि फेसाच्या फुगीत लहान छिद्रातून काही निघतही नाही. ज्याने ते काम शिकून घेतले नाही, त्याने विळा कुशीला लावू नये.

औषध पाजण्याबद्दल मला जरा रागानेच लिहावेसे वाटते. गाईचे तोंड आभाळाकडे करायचे, जीभ ओढून धरायची आणि बाटली रिकामी करायची, ही आपल्याकडची सर्रास रीत. औषध श्वासनळीत उतरते, आणि अपचनाने न मेलेली गाय फुप्फुसाच्या सुजेने मरते. मान सरळ रेषेपेक्षा किंचितच वर असावी, जीभ मोकळी असावी, घोट घोट पाजावे, ठसका लागला की लगेच मान सोडावी. आडवी पडलेल्या गाईला तर काहीच पाजू नये. तिला छातीवर बसती करावे, बाजूंना पेंढ्याचे भारे लावावेत आणि डॉक्टरांची वाट पाहावी.

दुसरा राग खाण्याच्या सोड्यावर. सोडा वाईट नाही, भात-पिठाच्या अपचनात तोच लागतो. पण कुणीतरी सांगितले म्हणून पोटाच्या प्रत्येक दुखण्याला सोडा द्यायचा, हे बरे नव्हे. गाईने युरियाची उघडी गोण चाटली, तर तीही फुगते, तोंडाला फेस आणते, थरथरते. तिथे पोटात आम्ल वाढलेले नसते, उलट अमोनिया झालेला असतो. तिला आंबट हवे असते, डॉक्टर अशा वेळी व्हिनेगर आणि भरपूर गार पाणी पाजायला सांगतात. तिथे सोडा दिला तर दुखणे वाढेल. वरून दोन्ही गाई सारख्याच फुगलेल्या दिसतात. म्हणून औषधाआधी गाईने काय खाल्ले ते शोधावे.

आमच्या भागातले एक दुखणे पाण्यातून येते. भातखाचरांत आणि जलाशयाच्या काठाला बारीक गोगलगाई असतात. धरणाचे पाणी ओसरते तसतसे काठाला ओले हिरवे गवत उघडे पडते, गुरे त्यावर तुटून पडतात. त्या गवताला गोगलगाईंतून बाहेर पडलेल्या चपट्या कृमींची पिल्ले चिकटलेली असतात. ती यकृतात आणि पोटात घर करतात. मग न थांबणारी दुर्गंधी हगवण, रोडावलेले अंग, आणि जबड्याखाली लोंबणारी मऊ सूज. याला हगवणीच्या औषधाने उतार पडत नाही. साधे जंताचे औषधही प्रत्येक वेळी चपट्या कृमीवर चालत नाही, म्हणून शेण तपासून घ्यावे. काठाचे गवत कापून, खडखडीत वाळवून घातले तर धोका पुष्कळ कमी होतो.

खाली ऊसवाल्या गावांत हंगामात गाई वाढ्यांवरच जगतात. वाढ्यांत पोट भरते, पण त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे अंगातला चुना बांधला जातो. तिथे रोज खनिज मिश्रण दिलेच पाहिजे. माझा भाऊ देतो, शेजारी देत नाहीत.

पेंड वाढवायची तर दहा-पंधरा दिवसांत थोडी थोडी वाढवावी. पोटातल्या जिवांना नव्या खाण्याची सवय व्हायला तेवढे दिवस लागतात. व्यालेल्या गाईला दूध यावे म्हणून तिसऱ्या दिवशीच पाटीभर आंबोण ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. दिवसाची पेंड एकदम न घालता दोन-तीन वेळा करून घालावी, आणि प्रत्येक वेळी आधी वैरण, मग पेंड. पाणी दोनदा दाखवून भागत नाही. दुभत्या गाईला दिवसाला साठ-सत्तर लिटर सहज लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. आमच्या इथे पावसाळ्यात छतावर पाणी, दारात पाणी, आणि गोठ्यातली बादली कोरडी, असा प्रकार होतो, कारण बाहेर एवढे पाणी असताना गाय तहानलेली असेल हे ध्यानातच येत नाही.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी आता १९६२ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. पण डोंगरात गाडी यायला वेळ लागतो, आणि तोपर्यंत काय करायचे हे डॉक्टर फोनवरच सांगतात. त्यांना "गाय लई बेजार हाय" असे सांगून काही कळत नाही. रवंथ कधीपासून बंद आहे, काल-परवा काय नवीन खाल्ले, डावी कूस फुगली आहे की दबते आहे, टिचकीला आवाज कसा, शेण शेवटचे कधी पडले आणि कसे, ताप किती, गाभण आहे का, व्याली कधी, एवढे पाहून मगच फोन हातात घ्यावा. फुगी जोरात असेल तर अर्थातच आधी फोन, बाकीचे बोलता बोलता. आमच्या घरी हे फोनचे काम धाकट्या मुलीकडे आहे. ती गोठ्यात उभी राहून बोलते आणि दुसऱ्या हाताची मूठ गाईच्या खळग्यात धरून असते. आम्ही थोरले मागे उभे राहून गलका करतो, तेव्हा ती आम्हाला हाताने गप्प करते.